फ्लीटमास्टरचा तुटका कान

पुणे

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि तुझ्या शेव्हरोलेट फ्लीटमास्टरच्या टेललॅम्पच्या हाउसिंगचे, म्हणजे मागच्या दिव्याच्या धातूच्या घराचे, फोटो मिळाले. ते गाडीला बसवायचा कान तुटलाय, तो कसा जोडायचा असं विचारलंयस. तुमच्या कोपऱ्यावरचा गॅस वेल्डिंगवाला कितीही गळ घालू दे, हाउसिंग त्याच्या हातात देऊ नकोस. मडगार्डच्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही, पण हे जस्ताचं डाय-कास्टिंग आहे, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू दाबानं साच्यात ओतून केलेला भाग. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन इशारा देतं. हा मिश्रधातू रंगसुद्धा न बदलता ३८५ अंशांच्या आसपास एकदम खाली बसतो, आणि वेल्डिंगवाल्याची ज्योत तर ३००० अंशांच्या वर! शिवाय जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, ते वेगळंच.

'धातूलाच कीड लागली असेल का?' असं विचारलंयस. तो रोग जास्त करून जुन्या मालाचा. जस्तात शिसं राहून गेलं की दमट हवेत धातू आतून फुगतो, भेगाळतो, नखानं भुगा पडतो. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीनं अतिशुद्ध जस्तापासून नवा मिश्रधातू काढला, तेव्हापासून हे खूपच कमी झालं. तुझी गाडी १९४८ ची. फोटोत तुटलेली कड करडी, दाणेदार आणि घट्ट दिसतेय, जाळीसारख्या भेगा कुठेच नाहीत. म्हणजे धातू निरोगी आहे, फक्त कान तुटलाय. गंजलेला नट कोणीतरी जोर लावून फिरवला असणार. उरलेला नट फिरवायच्या फंदात पडू नकोस, कानशीनं चिरून काढ.

आता जोडायचं कसं? नुसत्या जस्तावर साधा कथलाचा डाख नीट धरत नाही. म्हणून आधी प्लेटिंगवाल्याकडून जुना क्रोम आणि निकल उतरवून घ्यायचा आणि वर तांब्याचा थर चढवायचा. इथे त्याला एकच प्रश्न विचार: सायनाइड कॉपरची, म्हणजे सायनाइडच्या द्रावणातून तांबं चढवायची टाकी आहे का? आम्ल असलेल्या तांब्याच्या टाकीत उघडं जस्त टाकलं तर ते खाल्लं जातं. फक्त बंपर करणारे बरेच जण म्हणूनच असली कामं टाळतात. जो खळखळ करतो तो निदान जाणकार तरी असतो. जो लगेच 'हो' म्हणतो त्याची मला जास्त भीती वाटते.

तांबं चढलं की काम आपल्या हातात. दोन्ही कडा तिरक्या घासून मग तांबं चढवलेलं असलं की डाखाला जागा मिळते. तुकडे ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवून सुकू दे, म्हणजे हलत नाहीत. ६०-४० चा (साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं) डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे जस्ताला धक्का लागत नाही. हाउसिंगवर गंजून पडलेले खड्डेही असेच भरायचे, पण आधी बारीक ड्रिलनं तळापर्यंत साफ करून. आत पांढरी भुकटी राहिली तर वर्षभरात क्रोमखाली पुन्हा फोड येतात. मग घासायचं, परत तांबं, बफिंग, निकल, शेवटी क्रोम. बफिंगवाल्याला हात हलका ठेवायला सांग. कडेवरचं तांबं कापलं गेलं की पुढच्या टाकीत तिथेच भोक.

तो कान वजन पेलतो, नुसत्या डाखावर सोडू नकोस. मागून पितळेची पट्टी घाल. इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा) मोह होईल, पण तिच्यावर प्लेटिंग चढत नाही. ती फक्त न दिसणाऱ्या जागी, तीही खिळी घालून.

दाराच्या हँडलचं मात्र माझं मत वेगळं आहे. ते रोज ओढलं जाणार, सरळ पितळेत ओतून घे. मूळ हँडलवरूनच साचा काढलास तर ओतीव किंचित आटून लहान होतं, तेव्हा आधी त्यावर मेणाचा थर दे.

हाउसिंग पाठवताना तुटलेले तुकडे वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळ. कडा एकमेकींवर घासल्या की जुळत नाहीत. आणि खोक्याच्या तळाशी पडलेला बारीक कपचाही फेकू नकोस, तोही पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मोहन