चार डिस्कचं कौतुक पुरे, पुढच्या डिस्कची जाडी सांगा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या गाड्यांच्या पानावर नव्या गाडीचा रिव्ह्यू आला की ब्रेकबद्दल ठरलेलं एकच वाक्य असतं, चारही चाकांना डिस्क त्यामुळे ब्रेकिंग जबरदस्त. त्यात कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनने पॅड दाबणारे चिमटे, लाल रंगाचे असले की मग विचारूच नका. ते वाचून गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं काका मागे पण डिस्क टाकून द्या, नाहीतर तो चार पिस्टनवाला कॅलिपर बसवा, गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे. माझं वाईला गॅरेज आहे, पसरणी घाट उतरून आलेल्या गाड्या रोज दारात असतात, म्हणून म्हटलं थोडं लिहावं.

गाडी थांबवतो तो टायर. चांगल्या अवस्थेतली कुठलीही आजची कार घ्या, 100 च्या स्पीडला पेडल गच्च दाबलं की एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, खडखडायला लागतं, पायाला थरथर लागते, म्हणजे ब्रेकचा जोर चाक जाम करण्याइतका ऑलरेडी आहे आणि कमी पडतेय ती टायरची पकड. आता तिथे अजून दोन पिस्टन वाढवून काय होणार, एबीएस जरा लवकर चालू होईल एवढंच. कोरड्या डांबरी रस्त्यावर 100 वरून थांबायला साधारण चाळीस ते पंचेचाळीस मीटर लागतात, आणि टायर गुळगुळीत झालेले असतील, वर पाऊस असेल, तर लाखाचा ब्रेक किट बसवा नाहीतर काहीही करा, तो आकडा वाढणारच.

मग डिस्क आणि कॅलिपरचं डिझाईन बिनकामाचं का, तर अजिबात नाही, फक्त त्याची खरी परीक्षा पहिल्या ब्रेकला होत नाही, दहाव्या-पंधराव्याला होते. हिशोब बघा. 1500 किलोची गाडी 100 वरून एकदा थांबवली की साधारण 5 लाख 80 हजार जूल उष्णता तयार होते, आणि तीच गाडी पाचगणीवरून वाईला उतरली, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली आली, की 80 लाख जूल कुठेतरी जिरवावे लागतात. 100 वरून चौदा वेळा थांबण्याएवढं झालं हे! खालच्या गिअरमध्ये उतरलात तर त्यातला बराच भाग इंजिन खातं, थोडा वारा खातो, पण न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणारे महाभाग असतात ना, त्यांचं जवळपास सगळं डिस्कवर येतं.

इथे डिझाईन कामाला येतं. डिस्कचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जेवढं जास्त तेवढी ती उष्णता पोटात घेते. व्हेंटिलेटेड डिस्कमध्ये दोन चकत्यांच्या मध्ये पाती असतात, चाक फिरलं की मधली हवा कडेने बाहेर फेकली जाते म्हणून ती लवकर निवते. डिस्कचा व्यास 280 वरून 300 मिलिमीटर केला तर तेवढ्याच पायाच्या जोरात चाक अडवणारा पीळ आठ-नऊ टक्के जास्त मिळतो, पण नुसत्या पुढच्याच मोठ्या टाकल्या तर पुढचं-मागचं गणित बिघडतं, आणि 15 इंची रिममध्ये त्या बसायला पण पाहिजेत. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला भारी, पावसात पाणी झटकतात हे खरं, पण सतत तापून गार झाल्या की भोकांच्या कडेला तडे जातात, रोजच्या गाडीला मी तरी बसवत नाही.

पिस्टन किती यावर पण जोर ठरत नाही, जोर ठरतो पिस्टनच्या क्षेत्रफळावर. बऱ्याचशा गाड्यांना एका पिस्टनचा सरकता कॅलिपर असतो, आतला पॅड दाबला की कॅलिपर पिनवर सरकून बाहेरचा पण तेवढ्याच जोरात दाबतो, व्यवस्थित चालतं. चार पिस्टनवाल्यात लांब पॅड सगळीकडून सारखा दाबला जातो, पेडल कडक लागतं, ट्रॅकवर पळवणाऱ्याला त्याचा उपयोग. आपल्याकडे मात्र बिघडतात त्या पिना. रबर बूट फाटतो, पाणी-माती आत जाते, पिन धरून बसते. परवाच एक चाक खोललं तर आतला पॅड पार लोखंडाला लागलेला, बाहेरचा निम्म्याहून जास्त शिल्लक, आणि डिस्कला निळी झाक आलेली. मालक म्हणे ब्रेक छोटे आहेत कंपनीचे. अहो तासाभराचं काम होतं, पिना साफ करून त्यांचं ग्रीस भरायचं. आणि त्याच गाडीच्या कॅलिपरवर लाल प्लॅस्टिकचं कव्हर चिकटवलेलं, म्हणजे भर उन्हाळ्यात स्वेटर!

पायाचा जोर कॅलिपरपर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलचं तर कोणी नावच काढत नाही. डॉट 4 प्रतीचं ऑइल नवीन असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात कॅलिपर तापला, आत वाफ झाली, की नुसती वाफच दबते आणि पेडल सरळ फ्लोअरला जातं, मग डिस्क केवढी का असेना. दोन वर्षांनी बदललं पाहिजे ते.

मागच्या ड्रमला, म्हणजे डिस्कऐवजीच्या बंद डब्यासारख्या ब्रेकला, नाकं मुरडायची पण गरज नाही, ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि जास्त काम पुढचीच चाकं करतात. फोक्सवॅगनने आयडी.3 सारख्या इलेक्ट्रिक गाडीला सुद्धा मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण मोटरच बराचसा ब्रेक लावते आणि न वापरलेली डिस्क गंजते.

तर तुमच्या रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना एवढं सांगा, की पुढच्या डिस्कचा व्यास किती, जाडी किती, व्हेंटिलेटेड आहे का, आणि टायर कुठले, हे लिहा. आणि टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत हायवेवर संपवू नका, चार माणसं आणि सामान भरून एखादा घाट उतरा आणि खाली आल्यावर पेडल कुठपर्यंत जात होतं ते छापा.

– एक गॅरेजवाला, वाई