पराभवाचेही पैसे मिळतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या हरणाऱ्या संघांवर आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. इथल्या ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचा संघ 2024 मध्ये बाराच्या बारा सामने हरला, ही नोंद खरीच आहे. पण प्रशिक्षक कुचकामी आणि पोरांत दम नाही, एवढ्यावर विषय मिटवलेला पाहून राहवलं नाही. मी ओहायोतच राहते.

त्या हंगामातले पहिले चार सामने बघा. त्यांतले तीन परक्या मैदानांवर: पिट्सबर्ग, टेनेसी आणि पेन स्टेट. टेनेसीविरुद्ध मध्यंतरालाच 65-0 झालं होतं, शेवट 71-0. पुढच्याच शनिवारी पेन स्टेटकडून 56-0. या दोन्ही संघांच्या स्टेडियममध्ये लाखावर माणसं बसतात, केंटच्या स्टेडियममध्ये पंचवीसेक हजार. आखाड्यात जोड लावताना वस्ताद निदान वजन तरी बघतो. इथे जोड लावला कुणी?

विद्यापीठाच्याच क्रीडा विभागाने. याला इथे ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. बड्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर एक सोपा सामना आणि तिकिटांचा गल्ला हवा असतो. लहान विद्यापीठाला खर्चाची तोंडमिळवणी करायची असते. मग ते दहा-पंधरा लाख डॉलर घेऊन मार खायला जातं. केंट स्टेट ज्या गटात खेळतं त्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधल्या संघांना टीव्हीचा पैसा बेताचाच मिळतो. उरलेला खर्च बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या तिजोरीतून भागतो, म्हणजे जो मुलगा कधी मैदानाकडे फिरकलाही नाही त्याच्याही खिशातून.

चमत्कार होत नाहीत असं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये याच कॉन्फरन्सच्या नॉर्दर्न इलिनॉयने बलाढ्य नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर 16-14 असं हरवलं, आणि त्या सामन्याचे 14 लाख डॉलर नोत्र दामकडूनच घेतले! (दोन आठवड्यांनी तेच नॉर्दर्न इलिनॉय घरच्या मैदानावर बफेलोकडून हरलं, ते कुणाच्या लक्षात नाही.) क्रीडा विभाग हे उदाहरण तोंडपाठ सांगतात. महिन्याभरात असे तीन सामने खेळायला लावल्यावर ऑक्टोबरमध्ये कॉन्फरन्सच्या खऱ्या स्पर्धेला किती खेळाडू धड उरतात, यावर मात्र कुणी बोलत नाही.

माझा मुलगा इथल्याच एका लहान विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. बँडला शेवटपर्यंत बसावंच लागतं, त्यामुळे चौथ्या क्वार्टरमधलं मैदान त्याला चांगलं माहीत आहे. समोरच्या संघाचे तिसऱ्या फळीतले खेळाडू मैदानात असतात आणि तरीही स्कोअर वाढतच असतो. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, बाकावर, घोट्याला बर्फ लावून. आणि तरी दर टचडाउननंतर बचाव फळीतला एक पोरगा उरलेल्यांना गोळा करून ओरडत असतो. दम नाही तो हाच का?

प्रशिक्षकांचं काही चुकत नाही, असं मी म्हणत नाही. पण 2022 च्या अखेरीस केंट स्टेटचे प्रशिक्षक शॉन लुईस कोलोरॅडो विद्यापीठाकडे गेले. त्या सुमारास संघातले चांगले खेळाडूही ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदयादीतून) मोठ्या विद्यापीठांत गेले. 2023 मध्ये हा संघ अवघा एक सामना जिंकला. वाळवंटातून सुरुवात करणाऱ्या नव्या प्रशिक्षकाकडून एक-दोन वर्षांतच बागेची अपेक्षा करायची आणि वर टेनेसीशी झुंजायला पाठवायचं, हा कुठला न्याय?

माझ्या मते हंगामात असा पैशांचा सामना एकच असावा, फार तर दोन. त्याहून जास्त खेळायचे असतील तर त्या रकमेतला वाटा खेळाडूंना मिळावा, कारण हाडं त्यांची मोडतात. आता विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, तेव्हा नियमाची सबबही उरलेली नाही.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा, की पुढच्या वेळी अशा संघाचा 0-12 छापाल तेव्हा त्यातले किती सामने मानधन घेऊन खेळलेले होते आणि ते मानधन किती होतं, तेही शेजारी छापावं.

– एक वाचक, ओहायो