सहा फुटांचा नियम रसायनशास्त्राने दिलेला नाही

संपादक महोदय,

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या (पीओपी) गणेशमूर्तींवरचा वाद दरवर्षी श्रावणाच्या तोंडावर पेटतो आणि अनंत चतुर्दशीनंतर विझतो. या वादात विज्ञानाने द्यायचे उत्तर धर्मग्रंथांतून मागितले जाते, श्रद्धेचा निवाडा प्रयोगशाळेकडे सोपवला जातो आणि शासनाने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायचा निर्णय या दोहोंच्या आडून घेतला जातो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्याला हा गोंधळ अधिकच खटकतो. सहा फुटांपर्यंतच्याच पीओपी मूर्ती कृत्रिम तलावांत विसर्जित करण्याचे बंधन हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

जिप्सम हे खनिज सुमारे दीडशे अंश सेल्सियसला भाजले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टर तयार होते. त्यात पाणी कालवले की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. म्हणजे मूर्ती वस्तुतः जिप्समची असते आणि जिप्सम हे विष नव्हे, हे पीओपीच्या समर्थकांचे म्हणणे बरोबर आहे. ‘ते कधीच विरघळत नाही’ हा विरोधकांचा दावा मात्र चुकीचा आहे, कारण एका लिटर गोड्या पाण्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक जिप्सम विरघळते. पण त्याच आकड्यावरून हिशेब मांडला, तर पाच किलोची एक मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी लागेल, आणि तेही फार संथपणे. साचलेल्या तळ्यात शेकडो मूर्ती एका रात्रीत गेल्या की त्या तळाशी बसतात आणि प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू जिप्सममधल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. समुद्राची गोष्ट निराळी आहे, कारण त्याच्या पाण्यात सल्फेट मुळातच लिटरला अडीच ग्रॅमहून अधिक असते. तिथे खरा प्रश्न भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येणाऱ्या भग्न मूर्तींचा आणि त्यांच्यावरच्या रंगांचा आहे. शिसे किंवा क्रोमियम असलेला रंग शाडूच्या मूर्तीवर दिला तरी तो तितकाच घातक ठरतो, हे शाडूचा आग्रह धरणारे सहसा बोलत नाहीत.

‘धर्मशास्त्रात मातीचीच मूर्ती सांगितली आहे’ हा युक्तिवाद अलीकडे पर्यावरणवादी मंडळीही मोठ्या उत्साहाने करतात. मला तो निसरडा वाटतो. नियमाचा आधार म्हणून आज एक वचन पुढे केले, तर उद्या कुणी उलट अर्थाचे वचन काढून दाखवील, तेव्हा कोणत्या तोंडाने नकार द्यायचा? याउलट ‘आमच्याच सणांवर बंधने का?’ या प्रश्नाने जिप्समची विद्राव्यता तसूभरही बदलत नाही. परंतु तो समान वागणुकीचा प्रश्न आहे, शासनाने त्याला उत्तर दिले पाहिजे आणि ‘अंधश्रद्धा’ म्हणून तो उडवून लावणे हा उद्धटपणा आहे. कृत्रिम हौदातले विसर्जन हे विसर्जन ठरते की नाही, हे भाविकाने ठरवायचे. त्यावर रसायनतज्ज्ञाने बोलू नये, असे माझे मत आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये पीओपी मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे दिली. पुढे २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरंभी त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला, जूनमध्ये मूर्ती घडवण्यास मुभा दिली आणि जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे बंधन घातले. त्याहून उंच मूर्तींना मात्र नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची वाट मोकळी राहिली. केवळ रसायनशास्त्राला विचारले असते, तर त्याने उलट सांगितले असते, कारण उंच मूर्तीत जिप्सम आणि रंग कितीतरी अधिक असतो. ही मर्यादा कृत्रिम तलावांची खोली, मंडळांची परंपरा आणि कायदा-सुव्यवस्था यांमधली तडजोड आहे. तडजोड करण्यात काहीच गैर नाही, सार्वजनिक धोरण बहुधा तसेच घडते. गैर आहे ते तिला ‘शास्त्रीय निकष’ म्हणून मिरवणे, कारण त्यामुळे पुढच्या खेपेला खरे शास्त्रीय निष्कर्षही लोकांना संशयास्पद वाटू लागतात.

या तडजोडीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न तर चर्चेत येतच नाही. पेण आणि हमरापूर परिसरातील मूर्तींचे कारखाने गणेशोत्सव आटोपल्यावर काही काळातच पुढच्या हंगामाच्या कामाला लागतात. पीओपी हलके, स्वस्त आणि लवकर सुकणारे असते. शाडू जड असतो, पावसाळी हवेत वाळत नाही आणि वाहतुकीत तडकतो. साचे तयार झाल्यावर, कर्ज उचलल्यावर आणि कच्च्या मूर्ती रंगकामाला आल्यावर जो आदेश निघतो, तो पर्यावरण राखण्याऐवजी मूर्तिकाराला बुडवतो. त्याला विसर्जित पीओपी मूर्ती विरघळवण्याची अमोनियम बायकार्बोनेटची प्रक्रिया समजावून सांगणारेही आपण पाहिले आहेत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने ती वापरली गेली आणि तिच्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून उपयोगी पडणारे अमोनियम सल्फेट मिळते, हे खरे. पण विसर्जनानंतरच्या उपायाने मूर्तिकाराचा खर्च भागत नाही.

मार्गदर्शक तत्त्वांनुसार विसर्जनापूर्वी, विसर्जनाच्या दिवसांत आणि त्यानंतर पाण्याची तपासणी व्हायची असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने या तपासण्यांचे ठिकाणवार आकडे, खाडी, नदी आणि तलाव यांचे वेगवेगळे, साध्या मराठीत आणि उत्सव संपल्यापासून महिन्याभरात प्रसिद्ध करावेत. रंगांसाठी मूर्तीच्या पदार्थापासून स्वतंत्र असा नियम करून तो रंग विकणाऱ्यांवर लागू करावा. आणि पुढच्या वर्षी जे काही बंधन घालायचे असेल, ते दिवाळीपूर्वीच जाहीर व्हावे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, पनवेल