डायबिटीसचं खापर एकट्या गव्हावर फोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गहू आणि डायबिटीस यावर जो लेख आला तो वाचला, नंतर त्याचा फोटो ग्रुपवर फिरताना पण बघितला आणि मग राहवलं नाही म्हणून लिहितेय. लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की डायबिटीस एवढा वाढला त्याला गहू कारणीभूत आहे, गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन म्हणजे विष आहे आणि गहू बंद केला की शुगर आपोआप जागेवर येते. मला स्वतःला टाइप २ आहे, माझ्या भाचीला लहानपणापासून टाइप १ आहे, त्यामुळे असे लेख आमच्या घरात नुसते वाचून बाजूला ठेवले जात नाहीत, त्यावरून कोणीतरी जेवण बदलतं, कोणीतरी गोळी बदलायला बघतं, आणि भाचीच्या आईला तर लोक सरळ विचारतात की गरोदरपणात गहू फार खाल्लास का गं. त्या प्रश्नानं तिला काय होतं ते मी बघितलंय.

पहिली तक्रार हीच की लेखात टाइप १ आणि टाइप २ एकाच पिशवीत घातलेत. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच उलटते आणि त्या संपत जातात. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं पण शरीर त्याला नीट दाद देत नाही आणि मग हळूहळू स्वादुपिंड पण थकतं. गव्हाचा प्रश्न या दोन्हीत वेगवेगळा आहे, टाइप २ मध्ये तो मुख्यतः स्टार्चचा आणि वजनाचा आहे, टाइप १ मध्ये ग्लुटेन आणि प्रतिकारशक्तीचा. हे वेगळं न करता लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच नीट कळत नाही, फक्त भीती वाटते.

आता टाइप २ चं बघू. लेखातला सगळ्यात धक्का देणारा मुद्दा म्हणजे गव्हाचा ब्रेड साखरेपेक्षा जास्त शुगर वाढवतो, आणि हा आकडा खोटा नाहीये हे आधीच सांगते. ग्लायसेमिक इंडेक्स ही कुठलं खाणं शुगर किती चढवतं ते सांगणारी मोजपट्टी टोरांटो युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली, त्यात शुद्ध ग्लुकोज म्हणजे १०० धरतात. पांढरा ब्रेड साधारण ७५ आणि साखर साधारण ६५. पण साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज असतो, हे फ्रुक्टोज बहुतेक लिव्हरमध्येच जिरतं म्हणून मीटरवर फारसं दिसत नाही, आणि ते जास्त झालं की लिव्हरमध्ये चरबी साठायला हातभारच लावतं. त्यामुळे आकडा कमी आला म्हणून साखर चांगली ठरत नाही. आणि पांढरा भात याच मोजपट्टीवर ७३ च्या आसपास आहे, उकडलेला बटाटा त्याच्याही थोडा वर, त्यात कुठे गहू आला?

खरी शिकण्यासारखी गोष्ट तर याच तक्त्यात आहे आणि लेखानं नेमकी तीच सोडली. तोच गहू ब्रेडमध्ये ७५ च्या घरात, पास्त्यामध्ये ५० च्या जवळ, आणि उकडून जाडसर भरडलेला असेल तर ५० च्या खाली जातो. धान्य तेच. फरक पडतो तो दाणा किती मोडलाय, पीठ किती बारीक आहे, कणकेत हवा भरून ती फुगवलीय की घट्ट ठेवलीय, यावर. पास्त्यात प्रोटीनच्या घट्ट जाळीत स्टार्च अडकून बसतो, आतड्यातल्या एन्झाइमला तिथे पोचायला वेळ लागतो. ब्रेडमध्ये सगळं मोकळं आणि सच्छिद्र, पटकन पचतं, शुगर पटकन चढते. म्हणूनच नुसतं पाकिटावर होल व्हीट लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, कोंड्यासकट पण अगदी बारीक दळलेल्या पिठाच्या ब्रेडचा आकडा पण ७४ च्या आसपासच येतो. शिवाय इंडेक्स मोजताना साधारण ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट देऊन मोजतात, तुम्ही ताटात किती घेता ते त्या आकड्याला माहीत नसतं.

आजकालचा गहू पूर्वीचा राहिलेला नाही, त्यात काहीतरी बदल करून ठेवलेत, असंही लेखात आहे. बुटक्या जाती आल्या हे खरं आहे, नॉर्मन बोरलॉग यांना त्या कामासाठी १९७० चं शांततेचं नोबेल मिळालं. पण त्या जाती साध्या संकरातून आल्यात, आणि जर्मनीत १८९१ ते २०१० या काळातल्या ६० गव्हाच्या जाती एकत्र वाढवून तपासल्या तेव्हा ग्लुटेनचं प्रमाण साधारण तेवढंच निघालं. मोठा बदल शेतात नाही, गिरणीत झालाय असं मला वाटतं. १८७०-८० च्या सुमाराला पोलादी रोलरच्या गिरण्या आल्या आणि कोंडा आणि अंकुर अगदी सफाईनं वेगळा काढून पांढरं पीठ स्वस्तात मिळायला लागलं. दाण्यात कोंडा साधारण १४ टक्के आणि अंकुर जेमतेम ३ टक्के, पण फायबर, मॅग्नेशियम, बी जीवनसत्त्वं बरीचशी तिथेच. शंभर ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात फायबर १० ग्रॅमच्या वर असतं, मैद्यात ३ ग्रॅमच्या आसपास.

आणि गहू जर टाइप २ चं मूळ असता तर मोठ्या अभ्यासांत तसं दिसायला हवं होतं, दिसतं मात्र उलटं. अमेरिकेतल्या नर्सेस आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांचे वर्षानुवर्षं चालू असलेले जे तीन मोठे अभ्यास आहेत त्यात होल ग्रेन म्हणजे अख्खं धान्य सगळ्यात जास्त खाणाऱ्यांना टाइप २ होण्याचा धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा २९ टक्क्यांनी कमी दिसला, हे २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्याच लोकांमध्ये ग्लुटेन जास्त खाणाऱ्यांना पण धोका कमीच दिसला. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, अख्खं धान्य खाणारी माणसं चालतात पण जास्त, सिगरेट कमी ओढतात, हिशोबात कितीही दुरुस्त्या केल्या तरी तो गुंता पूर्ण सुटत नाही, त्यामुळे गहू खाल्ला म्हणून डायबिटीस टळतो असं मी म्हणणार नाही. पण ग्लुटेन म्हणजे विष हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

मग गहू सोडला आणि शुगर कमी झाली असं सांगणारे लोक खोटं बोलतात का? अजिबात नाही. गहू सोडला की ब्रेड गेला, बिस्किटं गेली, केक गेला, पाकिटातलं अर्धं खाणं गेलं, एकूण कार्बोहायड्रेट घटलं, कॅलरी घटल्या, वजन उतरलं. शुगर कमी होणारच. अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं पण २०१९ मध्ये मान्य केलंय की एकूण कार्बोहायड्रेट कमी केल्यानं शुगर सुधारते याला भरपूर पुरावा आहे. आणि वजनाचं म्हणाल तर ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा प्रयोग बघा, त्यात काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचं सूप आणि शेक यांवर लोकांना ठेवलं, वर्षभरानं ४६ टक्के लोकांचा टाइप २ रेमिशनमध्ये होता, म्हणजे औषधाशिवाय शुगर डायबिटीसच्या पातळीखाली होती, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. तिथे कोणी गव्हाला वेगळं काढलं नव्हतं. पण कोणाला गहू कमी करून हे सगळं जमत असेल तर जरूर करावं, माझा विरोध त्याला नाही, विरोध आहे तो गहू काढून त्याच जागी तेवढाच भात किंवा ग्लुटेन फ्री पाकिटं आणून निर्धास्त होण्याला. त्या पाकिटांत बरेचदा तांदळाचा, बटाट्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च असतो, फायबर कमी, शुगर चढायची ती चढतेच.

माणसामाणसात पण फरक असतो. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये २० जणांना एक आठवडा पांढरा ब्रेड आणि एक आठवडा आंबवलेल्या अख्ख्या गव्हाचा ब्रेड दिला, सरासरीत फारसा फरक निघाला नाही, पण कोणाची शुगर एकानं जास्त चढली तर कोणाची दुसऱ्यानं. त्यामुळे शेजारच्याला जे लागू पडलं ते आपल्याला पडेलच असं नाही, जेवणानंतर दोन तासांनी मीटरवर बघणं हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. भाज्या आणि प्रोटीन आधी, स्टार्च शेवटी, असा नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची शुगर कमी चढते असंही प्रयोगांत दिसलंय, आणि जेवून थोडं चाललं तर आणखी.

आता टाइप १, जिथे मला जास्त बोलायचंय. इथे ग्लुटेनवर संशय घ्यायला जागा आहे हे मी नाकारत नाही. डायबिटीसची उपजत प्रवृत्ती असलेल्या एका जातीच्या उंदरांना ग्लुटेनशिवायचं खाणं दिलं तर त्यांच्यात डायबिटीस बराच कमी होतो. सीलिएक हा ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार आणि टाइप १ या दोघांची काही जनुकं सामाईक आहेत, सीलिएक साधारण १०० त एकाला असतो तर टाइप १ वाल्यांमध्ये २० त एकाच्या आसपास. आणि डेन्मार्कमधला २०१८ चा अभ्यास, ज्याच्या जोरावर लेखात आयांना दोष दिलाय, तो पण खरा आहे, गरोदरपणात दिवसाला २० ग्रॅम किंवा जास्त ग्लुटेन खाणाऱ्या आयांच्या मुलांत ७ ग्रॅमपेक्षा कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत धोका दुप्पट दिसला. पण दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट ते पण छापा ना! सुमारे ६७ हजार गर्भारपणांमधून २४७ मुलांना टाइप १ झाला, हजारात चार पण नाहीत. नॉर्वेत तसंच तपासलं तर आईच्या ग्लुटेनचा संबंध दिसलाच नाही, बाळानं दीड वर्षाचं असताना खाल्लेल्या ग्लुटेनचा थोडा दिसला. जर्मनीत घरात आधीच टाइप १ असलेल्या १५० बाळांवर प्रत्यक्ष प्रयोग केला, काहींना सहा महिन्यांनी ग्लुटेन सुरू केलं, काहींना वर्षानं, प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटण्यात काही फरक पडला नाही. एवढ्या अर्धवट पुराव्यावर कुठल्याही आईला दोषी ठरवणं क्रूर आहे, आणि तुमच्या पुरवणीनं ते केलं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे, ज्यांना खरंच सीलिएकची शंका आहे, पोट सतत बिघडतं, वजन घटतं, रक्त कमी आहे, मुलाची उंची वाढत नाही, आणि विशेषतः ज्यांना टाइप १ आहे, त्यांनी गहू सोडायच्या आधी रक्ततपासणी करून घ्यावी. आधीच गहू सोडला की त्या तपासणीत मोजतात त्या अँटिबॉडीज उतरतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरा आजार तसाच लपून राहतो. ग्लुटेन आणि सीलिएकचं नातं शोधायला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला कितीतरी वर्षं लागली, १९५० साली त्यांचा प्रबंध आला, आणि आज ती तपासणी एका रक्ताच्या नमुन्यावर होते, ती आपल्याच घाईनं वाया घालवू नये. लेखात याचा एक शब्द नाही.

पुढच्या अंकात दुरुस्ती द्याल तेव्हा माझी एकच ठाम विनंती आहे, औषधांबद्दल एक चौकट ठळक छापा. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी एकदम गहू आणि बाकी स्टार्च बंद केला आणि डोस तोच ठेवला तर शुगर धोक्याच्या खाली जाऊ शकते, हात थरथरणं, घाम, बेशुद्धी इथपर्यंत. ज्यांची औषधं एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटातली आहेत त्यांनी कार्बोहायड्रेट अगदीच तोडलं तर शुगर फार वाढलेली नसताना सुद्धा कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठून जिवावर बेतणारा प्रकार, होऊ शकतो, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट हॉस्पिटल. त्यामुळे आहारात मोठा बदल करायच्या आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्यायचा. तो लेख वाचून कोणीतरी आजपासूनच जेवण बदललं असेल, म्हणून ही चौकट पुढच्या आठवड्याच्या पुरवणीची वाट न बघता उद्याच्याच अंकात आली तर बरं होईल.

आपली,
टाइप २ डायबिटीस असलेली एक नियमित वाचक