टेंडरमध्ये ‘शाळा चालू आहे’ हे लिहा : मा. शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. शाळांच्या इमारतींची कामं साइटवर उभं राहून करून घेतलीत आणि त्यातली बरीचशी शाळा चालू असतानाच झालीत, म्हणजे एका बाजूला पाढे चाललेत आणि पत्र्याच्या पलीकडे काँक्रीट फोडायचं मशीन, म्हणजे ब्रेकर. मुलांना दुसरीकडे हलवायला जागा नसते, वर्षभर शाळा बंदही ठेवता येत नाही, त्यामुळे असं काम करावंच लागतं हे मला मान्य आहे. आणि ते नीट करताही येतं. पण टेंडर निघतं ते मोकळ्या प्लॉटचं असल्यासारखं. त्यात खोदकाम, सळई, काँक्रीट, प्लास्टर, रंग सगळं आयटमनुसार असतं, फक्त शेजारी शेकडो मुलं रोज बसणार आहेत ही गोष्ट त्यात कुठेच नसते. मग ठेकेदार त्याचे पैसे धरत नाही, आणि ज्याचे पैसे धरलेले नाहीत ते काम साइटवर होत नाही, कितीही पत्रं पाठवा. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

सगळ्यात आधी स्लॅबबद्दल बोलतो, कारण बाकी चुका सुधारता येतात, ही येत नाही. जुन्या इमारतीवर एक मजला वाढवायचा आणि खालचे वर्ग तसेच चालू ठेवायचे, असं खूप ठिकाणी चालतं. आता हिशोब बघा. ओलं काँक्रीट सळईसकट घनमीटरला साधारण २५०० किलो भरतं, म्हणजे १५० मिलिमीटरचा स्लॅब टाकला की चौरस मीटरला ३७५ किलो. वर्गखोलीचा स्लॅब डिझाइन करताना मुलं, बाकं वगैरेंचं वजन धरतात ते चौरस मीटरला साधारण २०० ते ३०० किलो. नवा स्लॅब स्वतःचं वजन लगेच पेलत नाही, ते टेकूंवरून खालच्या स्लॅबवर येतं, म्हणजे ज्या छताखाली मुलं बसलीत त्या छतावर त्या दिवशी ते ज्यासाठी बांधलं होतं त्याहून जास्त वजन असतं. वर पुन्हा शटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं सामान आणि माणसं. साध्या ५० चौरस मीटरच्या वर्गावर पावणेएकोणीस टन ओलं काँक्रीट. ते जुनं छत किती पेलेल हे कुणी तपासलेलं नसेल तर खाली कुणीही बसता कामा नये, अगदी हेडमास्तरांची खुर्चीसुद्धा नको.

आणि ही नुसती भीती नाही साहेब. ७ नोव्हेंबर २००८ ला हैतीत पेत्योंव्हिलला शाळा भरलेली असताना इमारत कोसळली, वरच्या मजल्याचं काम चालू होतं, नव्वदहून जास्त जीव गेले आणि त्यात बहुतेक मुलं. २९ सप्टेंबर २०२५ ला इंडोनेशियात सिदोआर्जोच्या अल खोझिनी या निवासी शाळेत वर बांधकाम चालू आणि खाली मुलं नमाजाला उभी होती, तिथे साठहून जास्त गेले. मधे सतरा वर्षं गेली पण चूक तीच, वर बांधकाम चालू आणि खाली माणसं.

यात तुमचा थेट संबंध कुठे येतो तेही सांगतो, राग मानू नका. काँक्रीटची ताकद मोजतात २८ दिवसांनी, ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश येते, थंडी असेल किंवा पाणी नीट मारलं नसेल तर त्याहून कमी. उद्घाटनाची तारीख आधी ठरली की ऑफिसमधून फोन येतात, टेकू लवकर निघतात, क्युरिंग, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं, अर्धवट राहतं, आणि जिन्याला रेलिंग नसताना मुलं नव्या वर्गात बसवली जातात कारण फोटो काढायचा असतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला आल्याशिवाय तारीख देऊ नका. एवढं तर तुम्ही आजच्या आज करू शकता, त्याला जीआरही लागत नाही.

दुसरी गोष्ट आवाज, आणि याकडे कुणीच लक्ष देत नाही कारण आवाजाने कुणी मरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगितलंय की तास चालू असताना वर्गातला मागचा आवाज ३५ डेसिबलच्या वर जाऊ नये. शिक्षकांचा आवाज मागच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर असेल तरच मुलांना शब्द नीट कळतात. ब्रेकर जवळून १०० डेसिबलच्या आसपास जातो, भिंत मधे असली तरी बाई काय बोलतात ते तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली एका शाळेचा अभ्यास मांडला होता, शाळेच्या एका बाजूने उंचावरची रेल्वे जायची आणि त्या बाजूच्या वर्गातली सहावीची मुलं दुसऱ्या बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. शाळा तीच, फक्त खिडकी दुसऱ्या बाजूला. नंतर रुळांखाली रबर घातलं, वर्गाच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावल्या आणि १९८१ च्या अभ्यासात तो फरक राहिलेला नव्हता. मला यातली दुसरी अर्धी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, की उपाय केला तर मुलं भरून काढतात. म्हणून तोडफोड, पाइलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं), ब्रेकर ही कामं सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर आणि परीक्षेच्या दिवसांत पूर्ण बंद, हे टेंडरमध्ये तारखांसकट हवं. ठेकेदाराला वर्क ऑर्डर देतानाच शाळेचं वार्षिक कॅलेंडर हातात द्या ना, म्हणजे तो त्याप्रमाणे मशीन भाड्याने घेईल आणि रेटही तसाच भरेल. आत्ता काय होतं की मुख्याध्यापिका बाई बाहेर येऊन हात जोडून सांगतात, भाऊ, पेपर चालू आहे, थोडा वेळ थांबवा, आणि मुकादमाला ते मान्य असतं तरी तो थांबवू शकत नाही कारण मशीनचं भाडं तासावर चालू असतं.

धूळ. काँक्रीट, विटा, टाइल्स कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते, ती डोळ्याला दिसतही नाही आणि फुफ्फुसात खोल जाते, १९९७ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे कॅन्सर करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. लहान मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात. पाणी मारत कापलं तर बरीच धूळ तिथेच बसते, पण त्यासाठी पाण्याची लाइन आणि माणूस लागतो आणि टेंडरमध्ये तो आयटम नसतो. जुन्या शाळांचे सिमेंटचे पत्रे बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात, ते हातोड्याने फोडून खाली टाकायचे नसतात, ओले करून अख्खे उतरवायचे असतात आणि तेही मुलं आवारात नसताना. जुना रंग खरवडायचा असेल तर त्यात शिसं असू शकतं आणि शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाहीच. हे सगळं काम सुरू व्हायच्या आधी तपासायला हवं.

पत्रे मारले म्हणजे सेफ्टी झाली असं समजू नका. मुलांचा बॉल पलीकडे जाणारच आणि मुलं त्याच्यामागे जाणारच, हे गृहीत धरून कुंपण बांधावं लागतं. पत्र्यांचं फ्रेमिंग ठेकेदाराच्या बाजूला ठेवलं तर मुलांना पाय ठेवायला जागा मिळत नाही, उलट बांधलं तर आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांसाठी तयार शिडीच. पायाचे खड्डे पावसाने भरतात, रविवारी वॉचमन नसतो, आणि मुलं खेळायला तर रविवारीच येतात. गाड्यांचं गेट आणि मुलांचं गेट वेगळंच हवं. रिव्हर्स येणाऱ्या टिपरच्या ड्रायव्हरला मागे उभं असलेलं पहिलीतलं मूल आरशात दिसत नाही, म्हणून शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा तास आधी आणि नंतर एकही गाडी आत-बाहेर नको. वेल्डिंग थांबल्यावर तासभर तरी ठिणगी कुठे धुमसत नाही ना ते बघायला माणूस हवा. आणि बाहेर पडायचा जो जिना सामान ठेवून अडवलाय तो मोकळा करा, नसेल होत तर त्या मजल्यावर वर्गच भरवू नका.

एक गोष्ट पुरुष इंजिनियरांच्या लक्षातच येत नाही म्हणून वेगळी लिहितो. जुनं टॉयलेट आधी पाडतात आणि नवं सगळ्यात शेवटी होतं, कारण प्लंबिंग शेवटी येतं. मधल्या महिन्यांत मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, मोठ्या मुली घरीच राहतात. क्रम फक्त उलटा करायचाय, आधी नवं चालू करा मग जुनं पाडा, बहुतेक ठिकाणी यात जास्त खर्चही नाही.

आणि साइटवरच्या मजुरांची मुलं, तीही तिथेच वाळूच्या ढिगावर असतात, पत्र्याच्या एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला ही. काम चालू आहे तोवर तरी त्यांना त्याच शाळेत बसवा. माझा हा विषय नाही पण बघवत नाही.

तर नेमकं काय हवंय ते सांगतो. शाळेच्या बांधकामाच्या टेंडरच्या नमुन्यात चालू शाळेसाठी वेगळा भाग असू द्या, त्यात कुंपण, वेगळं गेट, धुळीसाठी पाणी, तात्पुरते वर्ग, तात्पुरतं टॉयलेट, सुट्टीत जास्त मजूर लावायचा खर्च, हे सगळं स्वतंत्र आयटम म्हणून येऊ द्या आणि मोजून बिल निघू द्या. ते एकूण रकमेच्या टक्क्यांमध्ये एकत्र टाकू नका, टक्क्यांत टाकलेलं कुणी मोजत नाही. टप्पे ठरवताना मुख्याध्यापक टेबलवर हवेत, वर्ग कुठून कुठे हलणार हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि मुख्याध्यापकांना काम थांबवायचा लेखी अधिकार द्या. त्यांनी थांबवलं तर ठेकेदाराला तेवढी मुदतवाढ मिळेल, दंड लागणार नाही, हेही त्याच कलमात लिहा, नाहीतर अधिकार कागदावरच राहील आणि बाई परत हात जोडत उभ्या राहतील.

पुढच्या मोठ्या सुट्टीत जी कामं सुरू होतील त्यांची टेंडरं आत्ताच तयार होत असणार. त्यांच्यापासून सुरुवात करा. नमुन्याचा मसुदा लिहायला माणूस हवा असेल तर मी येतो, मानधन नको.

आपला,
एक साइट इंजिनियर