काल्पनिक पात्र आणि ओहोटीची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐतिहासिक कादंबरीत काल्पनिक पात्रांना कितपत मोकळीक द्यावी, यावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखात भर आहे तो लेखकाच्या प्रामाणिकपणावर. प्रत्यक्षात कादंबरी फसते ती बहुतेकदा कालगणनेत आणि नकाशात.

गोव्यातल्या जुवे बेटाचेच घ्या. 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने ओहोटी साधून पाणी ओलांडले आणि बेटावरचा पोर्तुगीजांचा कोट घेतला. ही तारीख पोर्तुगीजांच्या नव्या कॅलेंडरची. इंग्रज तेव्हा जुनेच कॅलेंडर चालवत, त्यांच्या हिशेबाने हीच रात्र 14 नोव्हेंबरची. तो इंग्रजी आकडा नव्या कॅलेंडरचा समजून तसाच उचलला की चंद्र दहा दिवस मागे जातो. शुद्ध षष्ठीच्या सुमाराचा, मध्यरात्रीआधी मावळणारा चंद्र वद्य एकादशीच्या आसपासचा होऊन उत्तररात्री उगवतो. ओहोटीही कित्येक तास सरकते. मग सैन्य उतरणार कुठून?

पात्र असे हवे, की त्या घटकेला तिथे असण्याचे त्याला स्वतःचे कारण असेल. खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, मानशीवरचा माणूस घ्या; मानस म्हणजे त्या बांधातले पाण्याचे दार. ओहोटी लागली की मानशीची दारे पाण्याच्या दाबाने उघडतात. तोंडाशी जाळे लावून, दिवा ठेवून मासे धरतात. म्हणजे तो जागा असणारच, आणि पाणी कधी उतरते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? पण त्यानेच सैन्याला वाट दाखवली असे लिहिले, तर जिंकण्याचे श्रेय कल्पनेतल्या माणसाकडे जाते. त्याने पाहिले आणि दिवा विझवला, एवढे पुरे. त्याचे नावही विचार करून निवडावे: जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, त्या बेटावर ते बहुधा बाप्तिस्म्याचेच असेल.

फोंड्यात पोर्तुगीज अंमल आला 1763 मध्ये. त्याआधी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तिसवाडीतून तिकडे जाणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे. तिथे नातेवाइकांकडे सहज जाऊन येणारी नायिका पटत नाही.

सर्वांत जास्त घोळ पत्रांचा. लिस्बनची जहाजे सप्टेंबरच्या सुमारास गोव्यात पोचत आणि डिसेंबर-जानेवारीत परतत. जुव्याच्या लढाईचा अहवाल त्याच हंगामात निघाला तरी राजाचे उत्तर हाती यायला 1685 चा पावसाळा सरावा लागे. कादंबरीतला व्हाइसरॉय मात्र पुढच्याच प्रकरणात हुकूम घेऊन उभा! ही वेळापत्रके ताडून पाहायला पणजीच्या पुराभिलेखागारात मान्सूनच्या नोंदवह्या, म्हणजे गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराची बाडे, आहेत. आणि कोणती पात्रे काल्पनिक, याची अर्ध्या पानाची यादी प्रकाशकाने पुस्तकाच्या शेवटी छापावी.

– एक वाचक, फोंडा