पिनकोडचे अवयव पाडा

पाचवी-सहावीच्या वर्गात अवयव पाडायला 36 नि 48 याच संख्या फिरत राहतात. त्याऐवजी मुलांना आपल्याच गावाचा पिनकोड द्यावा. चिपळूणचा 415605 घ्या. शेवटी 5, अंकांची बेरीज 21. म्हणून 5 आणि 3 ने भाग जातो, 9 ने नाही. उरतात 27707. इथेच बहुतेक मुले फसतात. 7, 11, 13 ने भाग गेला नाही की ‘मूळ संख्या’ म्हणून मोकळी होतात. वर्गमूळ 166 च्या पुढे आहे, तेव्हा 163 पर्यंतच्या मूळ संख्या तपासायलाच हव्यात. चिकाटी धरली तर 103 ला भाग जातो, भागाकार 269. तो वेगळा तपासायची गरज नाही, कारण त्याच्या वर्गमूळापर्यंतच्या संख्या आधीच होऊन गेल्या.

दापोलीचा 415712 मात्र फार देखणा: 2 चा पाचवा घात × 11 × 1181. विभाजक 6×2×2, म्हणजे 24. विभाजकांची बेरीज 63×12×1182 = 893592. (63 म्हणजे 1+2+4+8+16+32, घाईत 1+32 एवढेच धरले की उत्तर चुकते.) त्यातून मूळ पिनकोड वजा केला तरी 477880 उरतात, म्हणजे संख्येपेक्षा जास्त, ही विपुल संख्या. चिपळूणचे हेच गणित 258315 वर थांबते, म्हणून ती न्यून. रत्नागिरीचा 415612 मुलांनीच सोडवावा.

– एक गणित शिक्षक, चिपळूण